लाल दोरा बांधलेली कॉइल

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. बायकोला अर्धी सांगितली, मुलांना मुळीच नाही. कोणी जुन्या कारखान्याचा विषय काढला, की मी उन्हाळ्याच्या गमती सांगायचो, मालकांचे विनोद सांगायचो आणि श्रावण यायच्या आत थांबायचो. ऐकणाऱ्याला ते कळायचं नाही. मला मात्र दर वेळी कळायचं.

गेल्या वर्षी घरच्यांनी माझी पंचाहत्तरी केली. जुन्या ओळखीचे एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. म्हणाले, "यांची सही असली की लोक डोळे झाकून माल उचलायचे." टाळ्या पडल्या. मी गळ्यात हार घेऊन खाली बघत बसलो. त्या सहीबद्दलच लिहायचं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही टीव्हीचे स्टॅबिलायझर बनवत होतो. आज ती वस्तू कोणाच्या घरात दिसत नाही. तेव्हा आमच्याकडे खेड्यापाड्यात संध्याकाळ झाली की विजेचा दाब इतका उतरायचा, की बल्बची तार नुसती लाल दिसायची आणि टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. म्हणून टीव्हीखाली एक लोखंडी पेटी ठेवत. ती दाब वाढवून द्यायची. आत कट-कट आवाज झाला की घरातले म्हणायचे, आलं बरं चित्र.

पेटीवर नाव मुंबईच्या एका कंपनीचं असायचं. कंपनी स्वतः काही बनवत नव्हती. ती नकाशे पाठवायची, रंगवलेल्या पेट्या पाठवायची, नावाच्या पट्ट्या पाठवायची. जोडणी आमची. आमच्या मालकांना सगळे नाना म्हणत. पूर्वी त्यांचं रेडिओचं दुकान होतं. मोठ्या कंपनीचं काम मिळालं म्हणून त्यांनी शेडच्या दारावर तोरण बांधलं होतं, ते वाळून काडी झालं तरी काढू देत नसत.

पेटीच्या पोटात जी तांब्याच्या तारेची जड कॉइल असते, ती आम्हीही गुंडाळत नव्हतो. ती अमळनेरहून यायची. तिथे एक बाई घरी हाताच्या यंत्रावर कॉइली गुंडाळायची. तिचा नवरा तेलाच्या गिरणीत होता, गिरणीतलं काम सुटल्यापासून घर तिच्यावर होतं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिने आपल्या गल्लीतल्या आणखी दोन बायकांना हे काम शिकवलं होतं. तारेचा एक थर, वर कागद, पुन्हा थर, पुन्हा कागद. बोटं यंत्रासारखी चालायची आणि तोंडही.

कॉइल पूर्ण झाली की टोक पांढऱ्या पट्टीने बांधायचं, असं नकाशात होतं. अक्का वरून लाल दोरा बांधायची. नवी गाडी घेतली, नवा पंप बसवला की आपण पूजेचा नाडा बांधतो, तसा. मी एकदा म्हटलं, "अक्का, कंपनीच्या नकाशात हा दोरा नाही."

"कंपनीना नकाशामा देव बी नही," ती म्हणाली. "म्हनीसन मी बांधस."

मी तो दोरा चालू दिला. त्याने काही बिघडत नव्हतं.

माझं काम तपासणीचं. आयटीआय करून मी आलो होतो आणि शेडमध्ये विजेचं शिक्षण असलेला मी एकटाच होतो. तयार पेटीला एका यंत्रावर लावायचं, आतली तार आणि बाहेरची पेटी यांच्यामध्ये मुद्दाम जास्त दाब सोडायचा. तो आतल्या आत अडला तर पेटी चांगली. पेटीपर्यंत झिरपला तर यंत्रावरचा तांबडा दिवा लागतो. दिवा लागला नाही की मागे 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटवायची, तिच्यावर माझी सही.

ही चाचणी का, ते मला नीट माहीत होतं. हे लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढे कोणी म्हणेल की बिचाऱ्याला कळलं नसेल. खेड्यातल्या घरांत तेव्हा जमिनीत जाणारी तिसरी तार नसायची. भिंतीवर दोन भोकांचं सॉकेट, बस. पेटीत वीज उतरली तर तिला जमिनीत जायला दुसरी वाट नव्हती. जो माणूस पेटीला हात लावेल, तोच तिची वाट. तार आणि त्या माणसाचा हात यांच्यामध्ये फक्त अक्काचा कागद होता आणि त्या कागदावर आम्ही चढवायचो ते वार्निश.

वार्निशमध्ये बुडवलेली कॉइल भट्टीत घालून पक्की सुकवायची, असं कंपनीच्या सूचनांत लिहिलेलं होतं. नानांनी भट्टी आणली होती. पण आमच्या वसाहतीतच दाब इतका कमी, की भट्टी कोमट व्हायची आणि तशीच राहायची. "स्टॅबिलायझरवाल्यांच्या घरीच व्होल्टेज नाही," नाना हसायचे. मग आम्ही जळगावच्या माणसाला सुचेल तेच केलं. कॉइली पत्र्यावर वाळत घातल्या.

चैत्र-वैशाखात आमचा पत्रा इतका तापायचा, की त्यावर हात टेकवत नसे. कॉइली दोन दिवसांत खडखडीत. मे महिन्यात कंपनीचे साहेब पाहणीला आले, शिडीवरून वर चढले, एका कॉइलीला हात लावला आणि 'हाय' करून मागे घेतला.

नाना खालून म्हणाले, "साहेब, पापड, कुरडया आणि ट्रान्सफॉर्मर, आमच्याकडे तिन्ही एकाच उन्हात होतात."

साहेब बोटावर फुंकर घालत हसले. म्हणाले, "कागदावर मात्र भट्टीच लिहा."

मी भट्टी लिहिली. रोज लिहीत गेलो. पुढे पावसाळा येणार आहे, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच त्या दुपारी सुचलं नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही. सुचलं असेल. कोणी बोललं नाही.

त्या वर्षी श्रावणात झडी लागली. आठ-आठ दिवस ऊन नाही. गणपतीच्या आधी माल हवा म्हणून कंपनीने घाई लावली होती, रविवारच्या मालिकेसाठी गावोगाव टीव्ही घेतले जात होते. कॉइली शेडमध्ये टेबलावर मांडून वर दोन पंखे लावले. वरून हाताला कोरड्या लागायच्या. पेटीत बसवून यंत्रावर लावल्या की तांबडा दिवा लागायचा. एक, दुसरी, तिसरी. मी नानांना हाक मारली. नानांनी मुंबईला फोन लावला. बोलणं संपवून आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"साहेब म्हणतात, दमट हवेत यंत्र खोटं दाखवतं. दाब जरा खाली घेऊन बघा म्हणाले. आणि माल वेळेत नाही गेला तर काम नाशिकला जाईल म्हणाले." मग यंत्राकडे बोट दाखवून, "तू बघ बाबा. यातलं मला कळत नाही, तुला कळतं."

यंत्राला एक गोल कळ होती. मी ती खाली घेतली. तांबडा दिवा लागायचा थांबला.

साहेब मुंबईत होते. नाना माझ्या मागे उभे होते. कळीवर हात माझा होता.

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट सुरू केली. चिठ्ठ्यांच्या कोऱ्या गठ्ठ्यावर आधीच सह्या करून ठेवायच्या, म्हणजे जोडणीवाले चिकटवत जातील आणि काम अडणार नाही. बसल्या बैठकीत अख्खा गठ्ठा व्हायचा. सही करताना समोर पेटी नसायची.

अक्का दर गुरुवारी रेल्वेने यायची, गुंडाळलेल्या कॉइली पोत्यात घालून. त्या गुरुवारी पदर पिळत आत आली, टेबलाकडे गेली आणि एक कॉइल उचलून तिने तिच्यात नख दाबलं.

"भाऊ, हाई वलं शे. नख रुतस."

"वरून सुकलंय, अक्का."

"वरतून ते भजं बी सुकेल दिखास, मझार कच्चं ऱ्हास." तिने कॉइल माझ्यापुढे धरली. "तुम्ही नख लाई देखा. का सह्या करी करी नख झिजी गयं तुमनं?"

शेडमधले सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "यंत्र पास करतंय. यंत्रापेक्षा तुमचं नख हुशार का?"

तिने कॉइल जागेवर ठेवली, लाल दोऱ्याची गाठ सरळ केली आणि रिकामं पोतं घडी घालून निघाली. मी नख लावून पाहिलं नाही.

गणपती गेले. नवरात्र तोंडावर आलं असताना धुळ्याच्या दुकानदाराचा निरोप आला. शिंदखेड्याच्या पुढे एका खेड्यात एक बाई गेली होती. घट बसायचे म्हणून तिने घर आवरायला काढलं होतं. खोली सारवत आणली, टीव्हीखालची जागा राहिली होती, म्हणून ओल्या हाताने आमची पेटी सरकवली.

मुंबईहून साहेब आले. नाना, साहेब आणि मी, तिघे जीपने गेलो. घरासमोर पाच-सहा माणसं बसलेली. बाईचा नवरा, शेतकरी, पस्तिशीचा असेल. त्याने आम्हाला खाटेवर बसवलं, कोणाला तरी चहा ठेवायला सांगितलं. आत टीव्हीखालचा तुकडा सोडून जमीन सारवलेली होती. जिथे सारवण संपलं होतं तिथे बोटांच्या रेघा तशाच वाळल्या होत्या.

तो आमच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "तुमनामा कंपनीवाला कोन शे?"

साधा प्रश्न होता. तुमच्यातला कंपनीचा माणूस कोण. त्याला कोणाशी बोलायचं ते हवं होतं, एवढंच.

साहेब म्हणाले, "माल आमच्याकडे बनत नाही. जळगावला यांच्याकडे बनतो."

नाना म्हणाले, "भाऊ, आम्ही नुसते जोडणारे. नकाशा, नाव, सगळं यांचं."

मग तो माझ्याकडे वळला. मी बशीत चहा ओतत होतो. ती पेटी कोपऱ्यात पालथी ठेवलेली होती आणि तिच्या पाठीवरची चिठ्ठी मला बसल्या जागेवरून दिसत होती. निळी शाई, माझी सही. मी म्हणालो, "मी कामगार आहे."

पेटी आम्ही धुळ्याला नेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत उघडली. वरचं झाकण काढल्याबरोबर लाल दोरा दिसला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं. "नकाशात असं काही नाही."

"अमळनेरची बाई बांधते," नाना म्हणाले.

"म्हणजे हे वाइंडिंग तिचं."

"हो."

"मग झालं."

आमच्या शेडमधून गेलेल्या प्रत्येक पेटीत तो दोरा होता. सगळंच वाइंडिंग तिचं होतं. दोऱ्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. पण नकाशात नसलेली एक वस्तू सापडली होती आणि तिच्यामागे एक माणूस होतं. त्या खोलीत तेवढं पुरलं.

साहेब आणि नाना बाहेर चहाला गेले. मी कॉइल सोडवली. कागदाचे थर मोजले. सगळे होते, एकही कमी नाही, कडा नीट दुमडलेल्या. मग मी नख लावलं. आत रुतलं. काढलं तर नखाखाली चिकट, पिवळट वार्निश होतं. मी ते पँटला पुसलं आणि बाहेर जाऊन चहा घेतला.

पोलिसांत अपघाती मृत्यूची नोंद झाली. गावच्या तारा जुन्या होत्या, घरातलं वायरिंग कच्चं होतं, हे सगळं खरंच होतं आणि ते त्यांनी लिहिलं. कंपनीला मात्र आमच्याकडून वेगळा कागद हवा होता, दोष कोणाचा आणि त्यावर काय केलं. माझं अक्षर चांगलं म्हणून तो मी लिहिला. नाना सांगत गेले. "बाहेरून वाइंडिंग करणाऱ्या व्यक्तीच्या हलगर्जीपणामुळे कागदाचा एक थर राहून गेल्याचे आढळले. सदर व्यक्तीचे काम बंद करण्यात आले आहे." थर राहिला नव्हता. मी पेन थांबवलं.

नाना म्हणाले, "लिही. तुझी सही आहे त्या पेटीवर. तिच्या जागी तुझं नाव लिहू का?"

नाना दुष्ट नव्हते. त्यांनी खरोखर मला वाचवण्यासाठी विचारलं होतं. मी लिहिलं, आणि खाली सही केली.

दुकानांत पडून असलेला त्या महिन्यांचा माल परत मागवला. जो घराघरांत गेला होता तो तसाच राहिला. कोणाच्या घरी गेला याची यादी कोणाकडेच नव्हती, आणि करा असंही कोणी म्हटलं नाही. पुढचे कितीतरी महिने मी सकाळी पेपर उघडला की आधी धुळे जिल्ह्याच्या बारीक बातम्या वाचायचो.

अक्काला सांगायला मलाच पाठवलं. वाइंडिंगचं यंत्र नानांच्या मालकीचं होतं, ते परत आणायचं होतं. मी गेलो तेव्हा ती काम करत बसली होती. मी काय बोललो ते आता शब्दशः आठवत नाही. दोष वाइंडिंगमध्ये निघाला, असं काहीतरी. तिचा हात यंत्राच्या दांड्यावर तसाच राहिला.

"भाऊ, मन्हंच चुकनं का?"

मी म्हणालो, "कंपनीचा निर्णय आहे, अक्का."

"ते नही इचारत मी. मन्हा कागद कमी पडना का?"

मी यंत्राचे नट सोडवायला खाली बसलो. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या बाईले पोरं शेत का?"

"दोन."

यंत्र उचलून मी दाराबाहेर आलो तेव्हा गल्लीतल्या बायका उंबऱ्यांत उभ्या होत्या. अक्का मागून आली, हातात लाल दोऱ्याचं रीळ. "हाई बी लई जा. आते कोनले बांधू मी?" तिने ते यंत्रावर ठेवलं. यष्टीत ते यंत्र मांडीवर घेऊन मी जळगावला आलो. रीळ वाटेत कुठे पडलं मला माहीत नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. अमळनेरात बोललं गेलं की तिच्या हाताने एक बाई मेली. त्या दोन बायकांचंही काम गेलं, त्या तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. ती लग्नाकार्यात पोळ्या लाटायला जायला लागली. घरातल्या विजेच्या बटणाला ती हात लावत नाही, दुसऱ्या कोणाला लावायला सांगते, असंही कोणी सांगितलं. मी दर वेळी ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, जाऊन यायला पाहिजे एकदा.

जायला दहा वर्षं लागली. तोवर नव्या रंगीत टीव्हींना कमी दाब चालायला लागला होता, स्टॅबिलायझर कोणी घेईना, आणि नानांनी शेड बंद केली होती. मी दुसरीकडे नोकरीला लागलो होतो. घरून निघताना मी वाक्यं ठरवली होती. गाडीत ती मनात पुन्हा पुन्हा म्हटली.

अक्का खूप वाळली होती, पण तिने मला लगेच ओळखलं. "बठा भाऊ, च्या ठेवस." स्टोव्ह पेटवता पेटवता तिने घरच्यांची चौकशी केली, नानांची केली. चहाचा कप माझ्या हातात दिला आणि समोर बसली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"भाऊ, बठ्ठा कारखाना बंद पडना म्हने. मन्हामुयेच ना? तुमनी नोकरी गयी. कव्हयनं मन्हा मनमा शे, तुमले भेटसू ते सांगसू. माफ करा मले."

कारखाना तिच्यामुळे बुडाला, असं इतकी वर्षं मनात धरून तिने हात जोडले. बोटांची टोकं अजून तशीच चपटी होती, तार ओढून ओढून झालेली.

मी म्हणालो, "नाही हो अक्का. जुनं झालं ते आता. सोडा."

एवढंच म्हणालो. चहा पिऊन उठलो. ती कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. मला वाटतं तिला हलकं वाटलं असावं, मी तिला माफ केलं असं समजून.

दीड वर्षाने ती गेल्याचं कळलं. गाडीत ठरवलेली वाक्यं माझ्याकडे राहिली. ती अशी होती.

अक्का, तुमचा कागद पुरा होता. मी स्वतः थर मोजले. वार्निश ओलं होतं, तुम्ही नख लावून मला दाखवलं होतं आणि मी तुम्हाला हसलो. यंत्राची कळ मी खाली घेतली. न बघता सही मी केली. तुमचं काम गेलं ते माझ्या हातच्या कागदाने गेलं. ती बाई तुमच्या हाताने गेली नाही. अक्का, मला माफ करा.